चारूची पत्रिका

भूषण फेगडे निवृत्त झाला त्याच महिन्यात तापीकाठच्या वीजकेंद्रातला कोळशावरचा शेवटचा संच कायमचा बंद झाला. ‘आम्हा दोघांनाही एकाच हारात उरकलं,’ असं तो हसत सांगायचा. त्याची सगळी नोकरी नियंत्रण कक्षात, काटे आणि पडदे बघण्यात गेली होती. माणसाला काय वाटतं याला अर्थ नाही, काटा काय दाखवतो ते बघा, असं तो नव्या पोरांना सांगत आला होता.

त्याची बायको चारुशीला भुसावळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होती. कबड्डी शिकवायची. निवृत्त होऊन साठीला आली तरी पहाटे धावायला जायची आणि परत येऊन भूषणला उठवायची. दोघांना मूल नव्हतं. त्याचं दुःख करायचे दिवस मागे पडले होते, आणि आता एकमेकांची इतकी सवय झाली होती की घरात बोलायला पूर्ण वाक्यं लागत नसत.

नोकरी संपली तसा कंपनीचा गट विमाही संपला. साठीनंतर नवा आरोग्य विमा घ्यायचा तर तो लायसन्स असलेल्या सल्लागारामार्फतच घ्यावा लागे. योजना फार झाल्या होत्या, अटी किचकट होत्या आणि म्हाताऱ्या माणसांची फसवणूक वाढली होती, म्हणून सरकारनं तसा नियमच केला होता. सल्लागाराच्या छातीवर बोटभर लांबीची नोंदपट्टी असे. ग्राहकाशी होणारा प्रत्येक शब्द तिच्यात साठत असे.

फेगड्यांकडे आली ती सानिया तडवी. तिचे वडील भूषणबरोबर एकाच पाळीत काम करायचे. लहानपणी सानिया चारूच्या हाताखाली कबड्डीही खेळली होती.

“काका, काकू, दोनच रस्ते आहेत,” चहाचा कप बाजूला ठेवत ती म्हणाली. तिच्या ओढणीवर नोंदपट्टीचा हिरवा दिवा जळत होता. “एक उघडी योजना. त्यात आधी पत्रिका काढायची. दुसरी पत्रिकेशिवायची. तिला लोक झाकली मूठ म्हणतात.”

पत्रिका म्हणजे अवयव-वय चाचणी. तोपर्यंत ती घरोघरी माहीत झाली होती. शरीरातला प्रत्येक अवयव आपली काही प्रथिनं रक्तात सोडत असतो. काळजाची वेगळी, मूत्रपिंडाची वेगळी, मेंदूची वेगळी. अवयव थकू लागला की त्या प्रथिनांचं प्रमाण बदलतं, आणि हा बदल आजाराचं पहिलं लक्षण दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतो. जगभर लाखो माणसांचं रक्त वर्षानुवर्षं साठवून ठेवलेलं होतं, आणि त्या माणसांना पुढे काय झालं हेही माहीत होतं. यंत्रानं दोन्हींची सांगड घातली. आता थोड्याशा रक्तावरून माणसाचा कुठला अवयव किती वयाचा आहे आणि पुढच्या दहा वर्षांत तो कसा वागेल, हे सांगता येत होतं. जन्मवेळेची पत्रिका जुळो न जुळो, ही पत्रिका बहुतेक वेळा जुळत होती.

“विमा कंपनीला पत्रिका सक्तीची करता येत नाही,” सानिया सांगत होती. “कायदाच आहे तसा. पण ज्यांच्या पत्रिका चांगल्या निघाल्या ते सगळे उघड्या योजनेत गेले. झाकल्या मुठीत उरले ते भ्यालेले आणि आजारी. मग कंपन्यांनी तिथला हप्ता वाढवला. हप्ता वाढला म्हणून आणखी धडधाकट लोक निघून गेले. असं होत होत आता त्या मुठीत काही राहिलं नाही, काका. पाय मोडला तर प्लास्टर मिळेल, एवढंच.”

“म्हणजे सक्ती नाही, पण आहे,” चारू म्हणाली.

“हो काकू.”

“एकदा काढली की ती लपवता येते?”

“नाही. निकाल थेट आरोग्य नोंदणीत जातो. आणि मला जे कळलं ते कंपनीला सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे. नाही सांगितलं तर माझं लायसन्स जातं.”

सानिया गेल्यावर चारूनं चहाचे कप उचलले. मग म्हणाली, “मला नाही काढायची.”

“का?”

“आईला मी सांभाळलंय, भूषण. ती मला ‘ताई’ म्हणायला लागली, मग ‘बाई’ म्हणायला लागली. शेवटी शेवटी मला बघून घाबरायची. माझ्यातही तेच असेल तर मला ते आधी कळायला नको.”

“तुझ्यात नसेल तर?”

“नसेल तर नसेल. मला बघायचं नाही.”

भूषणला हे पटत नव्हतं. दाब वाढलाय की नाही हे बघायचंच नाही असं म्हणणारा माणूस त्यानं कक्षात टिकू दिला नसता. तो तिच्या मागे लागला. जेवताना, फिरताना, कपडे वाळत घालताना. तू घोड्यासारखी धावतेस, म्हणाला. माझ्यापेक्षा तुझीच पत्रिका चांगली निघेल, म्हणाला. उद्या खरंच काही झालं आणि हातात विमा नसला तर मी काय करू, असं त्यानं एकदा विचारलं.

“चल,” ती म्हणाली. “पण तू मागे लागलास म्हणून, हे लक्षात ठेव.”

निकाल घ्यायला दोघं सानियाच्या कार्यालयात गेले. सानियानं आधी भूषणचा निकाल सांगितला. सगळे अवयव वयाला साजेसे. यकृत थोडं थकलेलं, पण चिंतेचं नाही. मग ती थांबली आणि पडद्यावर उगाचच काहीतरी मागेपुढे करत राहिली.

“सांग गं,” चारू म्हणाली. “मी तुला हरल्यावर रडू दिलं नव्हतं. आता तू मला रडवशील असं वाटतं का तुला?”

“काकू, तुमचं हृदय शेहेचाळीस वर्षांचं आहे. फुप्फुसं त्याहून तरुण. मूत्रपिंडं, यकृत, सगळं उत्तम.” सानियानं श्वास घेतला. “मेंदू अठ्ठ्याहत्तर.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. चारूनं पदर सारखा केला.

“किती वेळ आहे?”

“तीन ते सात वर्षांत स्मृती बरीच जाईल, असं म्हणतंय. त्याच्या आधी हळूहळू.”

“चुकू शकतं ना हे?” भूषणनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो काट्याबद्दल असं विचारत होता.

“दहातल्या एकाचं चुकतं, काका.”

कंपनीनं चारूला विमा नाकारला नव्हता. उलट हप्ता कमी लावला होता. काळजापासून गुडघ्यापर्यंत सगळं त्यात होतं. फक्त मेंदू आणि मज्जासंस्था वगळली होती. विसरण्याच्या आजाराची औषधं, मदतनीस, सांभाळणाऱ्या संस्थेत राहणं, यातलं काहीही मिळणार नव्हतं.

“आणि ज्याचं हृदय असं असतं,” सानिया हलक्या आवाजात म्हणाली, “त्याचा आजार फार लांबतो. वीस वर्षंही.”

दोघांच्या निवृत्तिवेतनात तशी संस्था दोन वर्षंही परवडली नसती. घर विकलं तर आणखी थोडी. त्यापुढे तो एकटा, सत्तरीचा, मग ऐंशीचा. आणि ती, धावू शकणारी, दार उघडं दिसलं की निघून जाणारी. घरी आल्यावर चारूनं कणीक मळायला घेतली आणि मळतच राहिली.

“मीच मागे लागलो,” तो म्हणाला.

“हो. तूच लागलास,” ती म्हणाली, आणि कणकेवर ओलं फडकं टाकून त्याच्या शेजारी येऊन बसली.

पुढच्या रविवारी सानिया घरी आली. या वेळी तिच्या ओढणीवर नोंदपट्टी नव्हती.

“मी जेवायला आले आहे,” ती दारातच म्हणाली. “विम्याचं बोलायला आले नाही, हे आधी सांगते.”

चारूनं वांग्याचं भरीत केलं होतं. सानिया दोन घास जेवली आणि तिसऱ्याला हात थांबवला.

“सांभाळ नावाची सरकारी योजना आहे. ज्यांचा आजार विम्यातून वगळला गेलाय आणि ज्यांना जबाबदार नातेवाईक नाही, त्यांना सरकार मरेपर्यंत सांभाळतं. केंद्रं चांगली आहेत. मी स्वतः बघितलीत. स्वच्छ आहेत, माणसं प्रेमानं वागवतात. पत्रिका निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत नाव घालावं लागतं, आणि ते त्या माणसानं स्वतः, शुद्धीत असताना.”

“जबाबदार नातेवाईक म्हणजे?” भूषणनं विचारलं.

“मुलं. किंवा नवरा-बायको.”

“मग आम्हाला कसं मिळेल? मी आहे की.”

सानिया त्याच्याकडे बघेना. ताटातल्या भाकरीचा तुकडा ती बोटानं फिरवत होती. चारूला आधी कळलं.

“तू नसलास तर,” ती म्हणाली.

“चारू, काय बोलतेस?”

“मरायला नाही सांगत. कागदावर नसलास तर.”

“हे मी सांगितलं असं कुणाला कळलं तर माझं लायसन्स जाईल,” सानिया म्हणाली. “पण नियम इतकाच आहे काका. घटस्फोट झाला पाहिजे आणि वेगळं राहिलं पाहिजे. नंतर परत एकत्र राहताना सापडलात तर नाव कमी होतं. तुम्ही परिचित म्हणून आठवड्यातून एकदा भेटू शकता. मला वाटलं, तुम्हाला हा रस्ता माहीत तरी असावा. घ्यायचा की नाही, ते तुमचं.”

भूषण ताटावरून उठला. सगळ्या नोकरीत त्यानं खोटी नोंद केली नव्हती, आणि आता पस्तीस वर्षांच्या संसाराचीच खोटी नोंद करायची, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. पुढचे कित्येक दिवस तो नाहीच म्हणत राहिला. मी करीन तुझं सगळं, म्हणाला. तुझी आई तू सांभाळलीस, मी तुला सांभाळीन.

“आईला सांभाळलं तेव्हा मी चाळिशीत होते,” चारू म्हणाली. “तरी एकदा मी तिच्यावर हात उगारला. उगारला फक्त, मारला नाही. पण तिनं डोकं असं झाकून घेतलं.” तिनं करून दाखवलं. “मला तुझ्यासमोर असं डोकं झाकायचं नाहीये. आणि तुला तसा हात उगारावा लागू नये. तू चांगला माणूस आहेस. त्या आजारापुढे चांगला माणूस पुरत नाही.”

त्यानं तिचा हात हातात घेतला.

“एक वचन दे. मी सुरुवात करते आहे, शेवट करायला मी शुद्धीत असेन की नाही माहीत नाही. मधेच मी काहीही म्हटलं, रडले, पाया पडले, तरी तू डगमगायचं नाही. आत्ताची मी जे सांगते ते खरं धर. नंतरचीचं ऐकू नकोस.”

त्यानं वचन दिलं.

परस्परसंमतीच्या घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागत असे, आणि त्या काळात माणूस कुठे राहतो हे त्याच्या फोनवरूनच ठरत असे. भूषणनं फैजपूरला एक खोली घेतली. चारू भुसावळच्या घरात एकटी राहिली. शेजारीपाजारी कुजबुजले. तिची मोठी जाऊ येऊन भूषणला नाही नाही ते बोलली आणि तो खाली मान घालून ऐकत राहिला. खरं कारण सांगायची सोय नव्हती.

रविवारी दोघं फोन घरात ठेवून बाहेर पडत आणि यावलच्या बाजारात भेटत. दोन प्रौढ माणसं भाजीच्या गाड्यांआडून एकमेकांना शोधत, आणि दिसली की ओशाळं हसत. कुठल्यातरी हॉटेलात शेवभाजी खात. “लग्नाआधी असं भेटायचं राहून गेलं होतं,” चारू एकदा म्हणाली. त्या वर्षातले तेवढेच दिवस बरे होते.

बाकीचे दिवस तिला खायला उठत. आयुष्यभर मैदानावर पोरींच्या गराड्यात राहिलेली ती बाई आता संध्याकाळी गप्प घरात बसून असे. तिच्या आजाराला एकटेपणा वाईट, हे भूषणनं वाचलं होतं. यंत्रानं तीन ते सात वर्षं म्हटलं ती घरात, माणसांत राहणाऱ्यांची. बायकोला एकटी ठेवल्यावर काय होतं, हे पत्रिकेत धरलेलं नव्हतं. आधी तिचे शब्द हरवायला लागले. मग एका रविवारी ती आलीच नाही. पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाली, “कुठे भेटायचं ठरलं होतं आपलं?” एकदा जेवता जेवता तिनं विचारलं, “तू घरी का येत नाहीस?” भूषणनं तिला सगळं परत सांगितलं. तिनं ते लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, “हो, हो. बरोबर. मीच ठरवलंय हे.” पण तिचा चेहरा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा होता.

वर्ष संपल्यावर अर्ज दाखल झाला. पहिल्या तारखेला चारू खणखणीत बोलली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. ती म्हणाली, “माझ्यावर दबाव टाकणारा माणूस अजून जन्मायचाय.” कायद्यानं सहा महिन्यांनी दुसरी तारीख मिळाली. ती सांभाळची दोन वर्षांची मुदत संपायच्या थोडीशीच आधी होती.

ती तारीख मे महिन्यात आली. जळगावात उष्माबंदी लागू होती. दुपारी रस्त्यावर यायला मनाई असल्यानं न्यायालय सकाळीच भरत असे. चारूला दोन दिवसांपासून ताप होता. सानिया तिला गाडीनं घेऊन आली आणि बाकावर बसवून भूषणला बाजूला घेत म्हणाली, “काका, काकू आज ठीक नाहीत. वाटेत तीनदा विचारलं, कुठल्या सामन्याला चाललोय.”

“पुढची तारीख मागितली तर?”

“ती सुट्टीनंतरची मिळेल. तोवर मुदत जाईल.”

नाव पुकारलं गेलं. चारूनं स्वतःचं नाव, वय, शाळेचं नाव नीट सांगितलं. भूषणला जरा धीर आला. मग न्यायाधीशबाईंनी विचारलं, “तुम्हाला दोघांना वेगळं व्हायचंय, हे अजूनही कायम आहे?”

चारूनं भूषणकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे. मग परत भूषणकडे.

“वेगळं?” ती म्हणाली. “मला नाही व्हायचं. हा सोडतोय का मला?”

न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला.

“भूषण, मी काय केलं?”

ती रडत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आपला कुठे नियम चुकला आणि बाद का व्हावं लागलं, हे खेळाडू पंचाला विचारतो तसं ती विचारत होती. समोर बसलेल्या वकिलांनी भूषणकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती त्याला पाठीवर जाणवली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “बाहेर जाऊन शांतपणे बोला. मी शेवटी परत पुकारते. बाईंची इच्छा नसेल तर अर्ज फेटाळावा लागेल.”

व्हरांड्यात पंखा गरम हवा फिरवत होता. भूषणनं तिला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला. सानिया थोड्या अंतरावर उभी राहिली.

“चारू, ऐक. आपण ठरवलं होतं. पत्रिका आठवते? सांभाळ योजना? तू म्हणाली होतीस, डगमगू नको.”

“मी असं कशाला म्हणेन?”

“तुला आजार आहे. विसरण्याचा. तुला तिथे नीट सांभाळतील म्हणून हे फक्त कागदावर…”

“मला काही झालेलं नाही. मी रोज धावते.” तिचा आवाज चढला. “आजारी आहे म्हणून बायकोला सोडतोस? असा कसा झालास तू?”

त्यानं परत सुरुवात केली. हळू, एकेक पायरी सांगत. दरवेळी ती एका पायरीपर्यंत यायची आणि तिथून घसरायची. एकदा तर ती “बरं, म्हणते हो” असं म्हणालीही, आणि लगेच त्याचा हात धरून म्हणाली, “पण मग घरी जाऊ या ना आपण?” त्या हातात ताप होता. भूषणला वाटलं, जाऊ दे. मुदत जाऊ दे, योजना जाऊ दे, हिला घेऊन घरी जावं आणि दार लावून घ्यावं. तो उठलाही. पण उठल्यावर त्याला दोन वर्षांपूर्वीची चारू दिसली, दोन्ही हातांनी डोकं झाकून दाखवणारी.

आत शिपाई पुढची नावं पुकारत होता. आता थोडीच राहिली होती.

“खरं सांग,” चारू म्हणाली. तिनं त्याचा हात सोडला होता. “आजारबिजार काही नाही. दुसरी कोणी आहे का?”

आत शिपायानं आणखी एक नाव पुकारलं.

“आहे का?”

त्यानं सानियाकडे पाहिलं. तिनं तोंड फिरवलं.

“हो,” तो म्हणाला. “आहे.”

चारू त्याच्याकडे बघत राहिली. तापानं चमकणारे तिचे डोळे हळूहळू कोरडे होत गेले. मग ती उठली, साडीच्या निऱ्या झटकल्या, आणि कोणाचा आधार न घेता ताठ चालत आत गेली. “मला याच्याबरोबर राहायचं नाही,” तिनं न्यायाधीशांना सांगितलं. “कुठे सही करू?”

त्याच दिवशी सानियानं तिचं नाव सांभाळमध्ये घातलं. चारूनं तिथेही सही केली.

ताप उतरल्यावर चौथ्या दिवशी भूषणचा फोन वाजला.

“सानियानं सांगितलं मला सगळं,” पलीकडून चारूचा नेहमीचा आवाज आला. “मी कोर्टात तमाशा केला म्हणे.”

“थोडा.”

“आणि तू मला सांगितलंस, दुसरी बाई आहे?”

“हो.”

ती हसली. किती दिवसांनी अशी मोकळी हसली. “तुला कोण विचारणार रे? पायमोजे शोधता येत नाहीत तुला.” मग थोडं थांबून म्हणाली, “शाब्बास. मला वाटलं होतं, तू ऐन वेळी कच खाशील.”

फोन ठेवल्यावर भूषण खोलीतल्या कॉटवर बसून रडला. मग त्यानं तोंड धुतलं. जे व्हायला हवं होतं ते झालं होतं, आणि तिला ते ठाऊक होतं. त्याला तेवढं पुरेसं वाटलं.

पण ते ठाऊक असणं राहिलं नाही. पुढच्या वर्षभरात चारूच्या आठवणी एकामागोमाग एक गळून गेल्या. आधी पत्रिका, मग यावलचा बाजार, मग तो फोन. केंद्रात दाखल झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी भूषणला समजावलं. साध्या आठवणी मेंदूच्या ज्या भागात जपल्या जातात तो भाग या आजारात आधी खचतो. पण भीती, अपमान, मनाला लागलेला घाव, यांचा ठसा मेंदूत दुसरीकडेही उमटलेला असतो आणि तो भाग जास्त काळ तग धरतो. म्हणून रुग्णाला सकाळी काय खाल्लं हे आठवत नाही, पण कुणी आपल्याला दुखावलं हे आठवतं. कशावरून दुखावलं, का दुखावलं, हे जातं. दुखणं उरतं.

“तुमच्या ओळखीच्या या बाईंना,” डॉक्टर म्हणाले, “काहीतरी फार मोठा धक्का बसलेला दिसतो.”

भूषण परिचित म्हणून आला होता. तो “हो, असेल” म्हणाला.

केंद्र चांगलं होतं. सानिया बोलली होती तसंच. आवारात सावली होती, मदतनीस बाया आपुलकीनं बोलायच्या, आणि एक मोकळं मैदान होतं. तिथे चारू रोज सकाळी धावायची. तिची पावलं अजून हलकी पडत. भूषण दर गुरुवारी यायचा. कधी ती त्याला ओळखायची नाही. कधी ओळखून तोंड फिरवायची. तो तिच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहायचा. खरं सांगायचा प्रयत्न त्यानं पहिल्या महिन्यात करून पाहिला होता. ते ऐकून ती इतकी गोंधळली, इतकी घाबरली, की मदतनीस धावत आली. कोर्ट, योजना, आजार, यातलं काहीच तिच्या हाती लागत नव्हतं. नवरा दुसऱ्या बाईकडे गेला, एवढं मात्र तिला समजत होतं. ते दुःख तिच्या ओळखीचं होतं आणि ती त्यात स्थिर होती. त्यानंतर त्यानं परत सांगितलं नाही.

सानियानं विमा सल्लागाराचं काम सोडलं. ती अधूनमधून चारूला भेटायला यायची, पण भूषण असेल त्या दिवशी यायचं टाळायची.

पावसाळा संपता संपताचा एक गुरुवार होता. भूषणच्या सदऱ्याचं एक बटण तुटलं होतं आणि दाढी वाढली होती. खोलीवर एकट्यानं रांधून खाणं त्याला कधी नीट जमलं नव्हतं, आणि वेगळं राहायला लागल्यापासूनच्या तीन वर्षांत तो बराच वाळला होता. चारूनं मान वळवून त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. आज ती ओळखत होती.

“भूषण.”

“हं.”

“ती कशी आहे?”

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

“बरी आहे,” तो म्हणाला.

चारू मैदानाकडे बघत राहिली. दोन बाया एका म्हाताऱ्याला हाताला धरून चालवत होत्या.

“जेवायला नीट घालते ना तुला?”

भूषणला वाटलं, आता सांगावं. कोणी नाही गं, कधीच कोणी नव्हतं, हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं. चारू वाट बघत होती. तिच्या कपाळावर आठी होती. ती रागाची नव्हती, काळजीची होती. पोरी सामन्याला निघाल्या की त्यांच्या डब्यात काय आहे ते बघताना तिच्या कपाळावर असायची, तशी.

“घालते,” तो म्हणाला. “चांगलं करते ती.”

“मग झालं,” चारू म्हणाली, आणि तिच्या कपाळावरची आठी गेली.